बारावीनंतर हिशेबाच्या पेशात जाण्याच्या वाटा

जामसंडे-देवगड भागात पैसा कुठून येतो हे लहान पोरालाही ठाऊक असते. हापूसच्या पेटीतून, मासळीतून, नाहीतर मुंबईहून आणि आखातातून. परंतु तो पैसा मोजणे, राखणे, कर्जाऊ देणे आणि तपासणे हाही पोट भरण्याचा पेशा आहे, ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या ध्यानात येते. मुलगा कॉमर्सला आहे, पुढे काय, असे विचारले की उत्तर मिळते, "पासपोर्टचा अर्ज टाकलाय."

आमचा धंदा कापडाचा. रोजमेळ आणि खतावणी आम्ही उर्दू शाळा सुटल्यावर पेढीवर शिकलो. हे शिक्षण घरीही देता येते. बागवाल्याच्या घरी वाशीहून आंब्याची पट्टी येते आणि तिच्यावरचा आकडा म्हणजेच कमाई असे सारे घर धरून चालते. खत, फवारणी, राखण, पेट्या, गाडीभाडे यांचा खर्च मात्र मागच्या पावसाळ्यापासून होत आलेला असतो आणि त्यात उसनवारीही असते. दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला हा हिशेब एक हंगाम लिहू द्यावा. नफा आणि गल्ला यांतला फरक त्याला मास्तरांपेक्षा लवकर कळेल. दहा वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 सालीच दिली आहे. तेही उघडावे.

आता नोकरीकडे वळू. सरकारी बँकांतील लिपिकांची भरती आयबीपीएस या संस्थेच्या परीक्षेतून होते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, वय 20 ते 28 लागते, राखीव गटांना सवलत आहे. प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळते, इंग्रजीचा भाग तेवढा इंग्रजीत. मात्र ज्या राज्यातून अर्ज केला तिथली भाषा वाचता, लिहिता, बोलता आली पाहिजे अशी अट आहे. आमच्या उर्दू शाळांतील मुलांनी हे नीट लक्षात घ्यावे. मराठीचा पेपर केवळ पास होण्यापुरता उरकण्याची सवय इथे आडवी येते. मुलींनी तर या परीक्षेला अवश्य बसावे.

दुसरी वाट चार्टर्ड अकाउंटंटची. ती लांब आहे, पण लोक समजतात तितकी महाग नाही, कारण परीक्षेइतकाच भर कामावर आहे. दहावीनंतर नाव नोंदवता येते आणि बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा देता येते. तिचे चार पेपर असतात, प्रत्येकात किमान 40 गुण आणि एकूण 50 टक्के लागतात. त्यानंतर इंटरमिजिएट, आणि मग एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी. ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली, आणि या काळात विद्यावेतन मिळते. उमेदवारी संपली की फायनल. येथे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. नापास होणारे पुष्कळ असतात, हेही घरच्यांनी आधीच मनाशी धरावे आणि पहिल्या अपयशाला मुलाला दुकानावर बसवू नये.

थोडक्यात सुरुवात हवी असेल तर म्युच्युअल फंड विक्रीची परीक्षा आहे. सेबीने 2006 साली काढलेली एनआयएसएम ही संस्था ती घेते. 100 गुणांपैकी 50 मिळाले की उत्तीर्ण. विम्याच्या एजंटाला दहावी आणि एक परीक्षा पुरते.

या पेशाच्या नावाखाली दोन सापळे मांडलेले आहेत. एक मोबाईलवरचा वायदे बाजार. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, मागील तीन वर्षांत वायदे व ऑप्शन खेळणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचे आढळले. याला 'ट्रेडिंगचे करिअर' म्हणून मुलांना खपवले जाते. त्यापेक्षा कापडाचे दुकान बरे, निदान माल तरी शिल्लक राहतो! दुसरा सापळा धर्माच्या नावाचा. बंगळूरच्या आयएमए कंपनीने हलाल नफ्याचे वचन देऊन ठेवी गोळा केल्या आणि 2019 साली ती बुडाली. पैसा अडकला तो मुख्यत्वे आपल्याच लोकांचा. व्याज नको म्हणणाऱ्याने नफा कशातून येतो हा प्रश्न अधिक कडकपणे विचारायला हवा होता. ठेवी घेणाऱ्या कंपनीला तशी परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पाहता येते. बारावीच्या मुलाला पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्या वेळी कोणी एजंट चहाला आला की ते त्याच्याकडूनच करवून घ्यावे, एजंटासमोर.