शेकडा कळतो, ‘परसेंट’ अडतो

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातील खेड्याखेड्यांतून मुलेमुली बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांची वाट धरतात. त्यांतली बरीचशी वाणिज्य शाखेत नाव घालतात. पुढे दुकान टाकता येईल, एखाद्या सोसायटीत चिकटता येईल, असा घरच्यांचा साधा हिशेब असतो. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली हीच मुले मान खाली घालून सांगतात, ‘आमचं गणित कच्चं आहे.’

आम्हाला हे पटत नाही. गेल्या सुट्टीत अशाच एका मुलीला आम्ही विचारले, ‘आठ हजार रुपये, शेकडा दोननं, वर्षाचं व्याज किती?’ तिने कागदही न घेता सांगितले, ‘एकोणीसशे वीस.’ शेकडा दोन म्हणजे दरमहा शंभराला दोन, वर्षाला चोवीस, हे तिला घरातच कळलेले. मग तिच्याच पुस्तकातले ‘प्रिन्सिपल’ आणि ‘रेट पर ॲनम’वाले उदाहरण पुढे ठेवले, तर ती अडली. ‘हिशेब येतोय की, पण हे काय विचारलंय तेच कळत नाही,’ असे ती म्हणाली. अडचण गणिताची नाही, ती शब्दांची आहे.

ही अडचण आकड्यांच्या नावांपासूनच सुरू होते. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. इंग्रजीतही तसेच. मराठी ‘एकोणतीस’ तर तिसातून एक वजा करून होतो. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले, तेव्हा केवढा वाद झाला! आपल्या मुलांना मात्र ही कसरत रोजचीच आहे. वर्गात इंग्रजीतून भरभर आकडे सांगितले की २५ चे ५२ होतात, आणि मुलाला ‘ढ’ ठरवले जाते.

आपल्या आजोबांची गोष्ट वेगळी होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी त्यांना तोंडपाठ. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा हे पाढे म्हणजे व्यापाराची हत्यारेच होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि पाढे मागे पडले. तेच पाढे पुन्हा घोका, असे आम्ही म्हणत नाही. पण व्यवहारातून आकडा शिकण्याची ती रीत सोडता कामा नये. वाणिज्य शाखेचे गणित आणि संख्याशास्त्र हेही शेवटी बाजाराचेच शास्त्र आहे.

नफ्याचेच पाहा. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकली. दुकानदार म्हणतो, शेकडा पंचवीस सुटले. पुस्तक म्हणते, वीस टक्के. दोघेही बरोबर. दुकानदार २० रुपये खरेदीच्या ८० वर मोजतो, पुस्तक विक्रीच्या १०० वर मोजते. टक्के कशावर, हा प्रश्न आधी विचारायचा, एवढे मराठीतून सांगितले की निम्मे प्रकरण संपते.

सरासरीचेही तसेच. दहा क्विंटल रताळी २,००० रुपये दराने गेली आणि तीस क्विंटल १,६०० ने. सरासरी दर किती? घाईने १,८०० म्हणाल तर फसाल. एकूण ६८,००० रुपये भागिले ४० क्विंटल, म्हणजे १,७००. जास्त माल ज्या दराने गेला, त्याच्याकडे सरासरी झुकते. पुस्तकातली ‘वेटेड ॲव्हरेज’ ती हीच.

पण सरासरी नेहमीच खरे चित्र दाखवते असे नाही. एका दुकानात चार नोकर महिना ९,००० रुपयांवर आहेत आणि मालक ६४,००० उचलतो. पाच जणांची सरासरी २०,००० येते, पण तेवढे कोणालाच मिळत नाहीत. पाचही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला पाहिला तर ९,००० दिसतो. हा मध्यक. इंग्रजीत मीडियन.

आता हे सारे परीक्षेपुरतेच, असे कोणी समजू नये. बारा हजारांचे कर्ज, बारा हप्ते, वर्षाला १२ टक्के ‘फ्लॅट’ व्याज, असे सांगून गावोगाव कागद पुढे केला जातो. व्याज १,४४० रुपये. पण मुद्दल तर दरमहा हजाराने फिटत जाते. अंगावर वर्षभर सरासरी साडेसहा हजारच राहतात, म्हणजे खरा दर सुमारे २२ टक्के पडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला छोट्या कर्जांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. सही करण्यापूर्वी हा हिशेब मांडणारे एक पोर घरात असते, तर किती घरे वाचली असती!

१९५६ मध्ये घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, असे ते सांगते. पुढच्या टप्प्याला त्याचा आधार नाही. तो आपणच द्यायला हवा. गावच्या वाचनालयात मे महिन्यात पंधरा दिवस एखाद्या निवृत्त गुरुजींनी वर्ग घ्यावा. प्रत्येक मुलाने वहीचे पान चार रकान्यांत आखावे : मराठी शब्द, कन्नड शब्द, इंग्रजी शब्द आणि आपल्या घरातले एक उदाहरण. वही भरताना एक गंमतही कळेल. शेकडा, सरासरी, बाकी, जमाखर्च हे शब्द थोड्याफार फरकाने कन्नडमध्येही आहेत. बाजाराने दोन्ही भाषांना एकाच तराजूत कधीच बसवले आहे. आमचे भांडण कन्नडशी किंवा इंग्रजीशी नाही. त्या भाषा मुलांनी जरूर शिकाव्यात. पण आधी अर्थ कळावा, आणि तो आईच्या भाषेतून कळावा.

‘आमचं गणित कच्चं आहे’ हे वाक्य पुढच्या दिवाळीत आपल्या घरात ऐकू येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.