बार्शी लाइटच्या पुलाला लाकूड का शोभत नाही

अकलूजला अजून रेल्वे आलेली नाही, पण छोट्या रुळांच्या गाडीची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला इथून नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही. कुर्डुवाडी आणि पंढरपूर फार दूर नाहीत आणि तिथून बार्शी लाइट धावत होती. रुळांमधले अंतर अडीच फूट. 1897 मध्ये ती बार्शी रोड (म्हणजे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. तरीही हौशी माणूस पूल करायला बसला की बहुधा त्याच्या हातून अमेरिकेतला लाकडी ट्रेसल उभा राहतो: तिरप्या खांबांच्या चौकटी, आडव्यातिडव्या पट्ट्या, वर रूळ. तो दिसतो देखणा, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बार्शी लाइटच्या देखाव्यात तो उपरा वाटतो, आणि हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

कोलोरॅडोसारख्या डोंगराळ मुलखात लाकूड जवळ आणि स्वस्त होते, लोखंड दूर आणि महाग होते; खाण चालेल तोवर पूल टिकला तरी पुरे होते. म्हणून तिथे ट्रेसल आला. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. मोठे सरळ लाकूड इथे दुर्मिळ, ते लावले तर वाळवी आलीच, आणि काळा दगड मात्र पायाखालीच. नद्याही तशाच. नीरा काय, भीमा काय, उन्हाळ्यात वाळूचे पात्र आणि पावसाळ्यात पसरलेला पूर. अशा पात्रात दाट रोवलेल्या लाकडी चौकटींत वाहून आलेली झाडेझुडपे अडकतात आणि पुलावरचा रेटा वाढतो. दख्खनी रेल्वेला इथे दगडी खांब आणि त्यांवर लोखंडी गर्डर हीच जोडी रुचली.

बार्शी लाइटचे वैशिष्ट्य मात्र याच्याही पुढचे आहे. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर येऊ द्यायचा नाही, असे ठरवून इंजिने आणि डबे आखले. भार वाटला गेला की रूळ हलका चालतो आणि पूलही हलका चालतो. तेव्हा प्रतिकृतीत जाडजूड गर्डर बसवणे म्हणजे त्या माणसाच्या मूळ युक्तीवरच पाणी फिरवणे.

यावर कोणी म्हणेल, छोट्या गाडीला एवढा काथ्याकूट कशाला, पुठ्ठ्याचा पूलही ती पेलते. खरे आहे, आणि नेमकी अडचण तीच आहे. 1:87 प्रमाणात वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते, तर आधाराच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार पटींनीच. त्यामुळे छोटा पूल जवळजवळ कधीच मोडत नाही. खऱ्या पुलावर चूक झाली तर नदी आणि गाडी मिळून ती दाखवून देतात. इथे तो पहारा नाही, म्हणून करणाऱ्यालाच मोजमापाचा धाक पाळावा लागतो.

हे मोजमाप सोयीचेही आहे. अडीच फूट 87 ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणजे बाजारात मिळणारा एन गेजचा नऊ मिलिमीटरचा रूळ जवळपास चपखल बसतो. चाळीस फुटी गर्डर धरला तर चौदा सेंटिमीटर. उलट, ट्रेसलचा बारा इंची खांब साडेतीन मिलिमीटरचा व्हायला हवा. त्या जागी सर्रास लावली जाणारी काडेपेटीतली काडी त्याहून बारीक असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बुटके दगडी खांब एकसुरी दिसतील. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोक पाहताहेत. तिथे प्रेक्षक सिग्नल, फाटक, गाड्यांची ये-जा या सगळ्यात रमतो, एकट्या पुलाच्या उंचीत नाही. शिवाय एकसुरेपणा मोडायला उंचीच लागते असेही नाही. पात्र रुंद ठेवावे, पाण्याची धार एका कडेला सोडून बाकी वाळू दाखवावी, पुराची खूण म्हणून खांबांच्या खालच्या भागाचा रंग बदलावा. खांबाची टोकदार बाजू प्रवाहाच्या वरच्या अंगाला हवी. अनेक प्रतिकृतींत ती उलटी बसवलेली दिसते.