सिकलसेल आणि रॅकचा खटका

गोंदिया हा विदर्भातील सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. या आजाराचे मूळ अगदी लहान बदलात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि रुग्णाचे हातपाय, पाठ असह्य दुखू लागते.

पेशी ताठर आणि ठिसूळ होते ती केवळ वाकल्यामुळे नव्हे. तिच्या आत तयार होणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तिच्या आवरणाची नासधूस करत असतात. यांतले काही रेणू पेशीतलेच एक विकर बनवते आणि त्या विकराच्या नियमनात ‘रॅक’ या प्रथिनाचा हात असतो, असे २०१३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील संशोधकांनी दाखवले.

रॅक हे ‘छोटे जीटीपीएज’ कुळातले प्रथिन. जीटीपीचा रेणू धरला की चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद, असा हा खटका आहे. तो स्वतःहून फार मंद हलतो. जुना जीडीपी बाहेर काढून त्याला चालू करतात ती जीईएफ प्रथिने, बंद करतात ती जीएपी. जीडीआय प्रथिने त्याला पेशीच्या आवरणापासून दूर, निष्क्रिय ठेवतात.

मग औषधाचा घाव थेट खटक्यावर का घालू नये? जीटीपी त्यात इतका घट्ट बसतो आणि पेशीत इतका मुबलक असतो, की त्याची जागा बळकावणारा रेणू सापडणे महाकठीण. कर्करोगात बिघडणाऱ्या ‘रास’ या भाऊबंदावर दशकानुदशके संशोधन झाले. २०२१ मध्ये सोटोरासिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली, तीही एका विशिष्ट बिघाडापुरती.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ खटका दाबणाऱ्या प्रथिनांकडे वळले. बुरशीपासून मिळणारे ब्रेफेल्डिन-ए हे ‘आर्फ’ हे याच कुळातले दुसरे प्रथिन आणि त्याचे जीईएफ यांच्या सांध्यात शिरते आणि दोघांना अर्ध्या वाटेवरच जखडून ठेवते. निसर्गाची ही युक्ती थक्क करणारी आहे. २००४ मध्ये सिनसिनाटीतच शोधलेले एनएससी-२३७६६ हे रसायन वेगळ्या तऱ्हेने काम करते. ते रॅकवरच्या एका खाचेत बसते, त्यामुळे टायम-१ आणि ट्रायो ही जीईएफ प्रथिने रॅकला भिडूच शकत नाहीत.

मात्र परिणामासाठी ते फार मोठ्या प्रमाणात लागते. त्यामुळे ते प्रयोगशाळेतले साधन आहे, त्याला औषध म्हणणे रुग्णांची दिशाभूल ठरेल. सिकलसेलग्रस्तांसाठी आज हाताशी आहे ते हायड्रॉक्सीयुरिया. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते.