शर्टावरची मांजरं, साडीवरचे उंदीर

'मोहिनी' मासिकाचा १९५२चा दिवाळी अंक. मुखपृष्ठावर बसची रांग आणि रांगेत एक तरुण नि एक तरुणी. तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तरुणीच्या साडीवर उंदरांची. माणसं दोघंही सभ्य. शर्टावरच्या मांजरांना मात्र साडीवरचे उंदीर दिसलेत. चित्र एवढंच. खाली ओळ नाही, कुणाच्या तोंडून निघालेला फुगा नाही.

हे चित्र काढणारे शि. द. फडणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. शिवराम दत्तात्रेय हे पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही, 'शि. द.' म्हटलं की पुरतं. २९ जुलै २०२५ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या मुखपृष्ठानेही सत्तरी कधीच ओलांडली, तरी आज ते कुणाच्या पुढ्यात ठेवलं तर हसू येतंच. त्या काळातले बरेचसे विनोद आता समजावून सांगावे लागतात. समजावल्यावर समोरचा 'अच्छा' म्हणतो, हसत नाही. बारामतीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या पोराला हे चित्र दाखवा. त्याला काही सांगावं लागणार नाही. उलट तो इकडेतिकडे बघून जरा लाजेल.

चित्राची खुबी अशी की त्यात काहीच घडत नाही. आधी आपल्याला माणसं दिसतात, मग कपडे, मग कपड्यांवरची नक्षी, आणि शेवटी एका नक्षीचं दुसऱ्या नक्षीशी असलेलं नातं. हा प्रवास डोळा एका क्षणात करतो, पण चित्रकाराला तो आधी आखावा लागतो. नक्षी फार ठळक काढली तर विनोद पहिल्याच नजरेत सांडतो, फार बारीक काढली तर सापडतच नाही. दोहोंपैकी एक कापड साधं ठेवलं तर उरते नुसती बसची रांग. शिवाय रांगेतल्या तरुणाच्या मनात काय चाललंय, हे १९५२ सालच्या सोवळ्या मराठी घरात उघड बोलण्याची सोय नव्हती. इथे बोलायचं ते सगळं बोलून झालं, आणि हरकत घ्यायला कुणाला जागाही राहिली नाही. तक्रार करायचीच तर मांजरांची करा!

तेव्हा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची एक ठरलेली रीत होती. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. पुढे मुखपृष्ठावर रंगीत चित्र हवंच, आणि त्यात शक्यतो सुंदर स्त्री हवी, असा रिवाज पडला. या प्रांताचे राजे होते दीनानाथ दलाल. गोव्यातून आलेल्या या चित्रकाराने १९४५ साली स्वतःचं 'दीपावली' काढलं, आणि त्यांच्या रेखीव, डौलदार नायिकांनी मराठी घरांच्या भिंतीसुद्धा सजवल्या. लोक मुखपृष्ठं कापून चौकटीत बसवत. विनोदी चित्र असायचं ते आतल्या पानांवर, काळ्या शाईत, कथेच्या शेवटी उरलेल्या जागेत.

संपादक अनंत अंतरकरांनी ते उचलून दर्शनी भागावर आणलं. 'हंस' त्यांनी १९४६मध्ये सुरू केलं होतं, मागून 'मोहिनी' आणि 'नवल' आली. 'मोहिनी' विनोदाला वाहिलेली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर हास्यचित्र असणं आज आपल्याला स्वाभाविक वाटतं. पण अंक दिवाळीत खपला नाही तर वर्षाचं गणित कोलमडायचं, अशा धंद्यात एका तरुण चित्रकारावर पहिलं पान सोपवायचं हे सोपं नव्हतं. फडणीसांच्या कीर्तीतला मोठा वाटा या संपादकाच्या नजरेचा आहे, हे मान्य करायला हवं.

फडणीसांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. निपाणीजवळचा हा तंबाखूचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो आजच्या कर्नाटकाकडे गेला. शाळेचं शिक्षण कोल्हापुरात झालं. कोल्हापूर म्हणजे त्या काळी चित्रकारांचं गाव: आबालाल रहिमान तिथले, बाबूराव पेंटर तिथले, आणि पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीमुळे पडदे रंगवणारे, पोस्टर करणारे हात गल्लोगल्ली. पुढे हास्यचित्रांत फडणीसांच्या बरोबरीने नाव झालेले वसंत सरवटेही कोल्हापूरचेच, १९२७ सालचे. तिथून फडणीस मुंबईला जे. जे.मध्ये गेले. चित्रकलेतली निवडली ती शाखा कमर्शिअल आर्ट. विद्यार्थीदशेतच त्यांची चित्रं किर्लोस्करांच्या 'मनोहर'मध्ये येऊ लागली होती. त्या मासिकांचा कर्ता, शंकरराव किर्लोस्कर, स्वतःच चित्रकार, त्यामुळे तिथे चित्राकडे पान भरायची सोय म्हणून कुणी पाहत नव्हतं.

कमर्शिअल आर्टचं शिक्षण फडणीसांच्या रेषेत शेवटपर्यंत दिसतं. तेव्हाची छपाई ब्लॉकवर चाले. चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, मग आम्लाने रेषेबाहेरचा भाग खाऊन टाकायचा आणि उठून राहिलेल्या रेषेला शाई लावून छापायचं. थरथरती, धुरकट रेषा या प्रकारात टिकत नाही. स्वच्छ, एका जाडीची, न तुटणारी रेषा मात्र झकास उठते. रंगीत मुखपृष्ठाला तर प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. एकावर एक छापताना केसभर सरकला की नाक एकीकडे आणि लाली दुसरीकडे! फडणीसांच्या चित्रातले सपाट, निवांत रंगांचे पट्टे आणि जणू अल्पना काढावी तशी बांधेसूद रेषा यांचं एक मूळ या छापखान्यात आहे. दुसरं मूळ त्यांच्या स्वभावात असणार, कारण ऑफसेट आला, छपाई सुधारली, तरी रेषा बदलली नाही.

'मोहिनी'चं ते मुखपृष्ठ आलं त्याच १९५२ साली, एप्रिलमध्ये, जपानमध्ये ओसामु तेझुका नावाच्या चित्रकाराने 'शोनेन' या मुलांच्या मासिकात एका यंत्रमानव मुलाची कथा सुरू केली. जग त्याला 'अॅस्ट्रो बॉय' म्हणून ओळखतं. तेझुका फडणीसांपेक्षा तीन वर्षांनी लहान, ओसाकात रीतसर डॉक्टरी शिकलेला. जपानी चित्रकथांची, म्हणजे मांगाची, आजची अवाढव्य दुनिया ज्याच्या खांद्यावर उभी राहिली तो हा माणूस. आयुष्यभरात त्याने सुमारे दीड लाख पानं काढली असं सांगतात. 'बुद्ध' ही त्याची प्रचंड चित्रकथा तर १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चालली, आणि तिची भूमी आपली. १९८९मध्ये साठाव्या वर्षी तो गेला.

एकाच वर्षी दोन देशांत दोन तरुण चित्रकारांची गाजलेली चित्रं आली. एकाने दीड लाख पानं काढली, दुसऱ्याचं नाव एका पानाने झालं. हा फरक काही उद्योग आणि आळसाचा नाही. जपानमध्ये मुलांची मासिकं होती, आणि १७ मार्च १९५९ला तर 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं एकाच दिवशी सुरू झाली. दर आठवड्याला पानं हवीत म्हटल्यावर चित्रकाराच्या घरी मदतनीस आले, दाराशी संपादक ठाण मांडून बसू लागला, आणि गोष्ट 'पुढील अंकी चालू' राहणं हाच धंद्याचा कणा झाला. आपल्याकडे मराठी चित्रकाराचा मोठा वाचक भेटायचा दिवाळीत. बारामतीत काय किंवा इंदापुरात काय, वाचनालयात दिवाळी अंकांची वर्गणी भरायची आणि आळीपाळीने अंक घरी न्यायचे. हातात आलेला अंक आधी उलटसुलट बघायचा, मग वाचायचा. वर्षातून एकदा मिळणाऱ्या या नजरेसाठी क्रमशः कथा काय कामाची? तिथे एकाच चित्रात सगळं आटोपणारा माणूस हवा होता. फडणीस तसे घडले, कारण पान तसं होतं.

पानापानाने, चौकटीचौकटीने गोष्ट सांगणारे मराठी हात नव्हते असं मात्र नाही. अनंत पैंच्या 'अमर चित्र कथा'त 'कृष्ण' काढणारे राम वाईरकर मराठीच, सुपंडीला रूप देणारेही तेच. पुण्याचे प्रताप मुळीक त्याच मालिकेतलं मोठं नाव, दिलीप कदम त्यांच्या पाठोपाठचे. फक्त त्यांच्या चित्रांतली पात्रं आधी इंग्रजीत आणि हिंदीत बोलली, मराठीत मागाहून. स्वतःची रोजची चित्रमालिका मराठीला ठसठशीतपणे मिळाली ती २१ नोव्हेंबर १९९१ला, 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला तेव्हा. जपानमध्ये माचिको हासेगावा या चित्रकर्तीची 'साझाए-सान' ही घरगुती मालिका वर्तमानपत्रात १९४६मध्येच सुरू झाली होती. पंचेचाळीस वर्षांचं अंतर. आपल्या संपादकांना ते का पडू दिलं हे विचारायला हवं होतं, आता विचारून उपयोग नाही.

फडणीसांनी राजकारणाला हात लावला नाही, हे त्यांच्या पिढीत उठून दिसतं. आर. के. लक्ष्मण त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, बाळ ठाकरे सहाएक महिन्यांनी लहान. १९६० साली ठाकऱ्यांचं 'मार्मिक' निघालं आणि मराठी व्यंगचित्र म्हणजे पुढाऱ्याचं नाक असं समीकरण बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलं. राजकीय चित्राचा दणका मोठा, पण आयुष्य थोडं. तो मंत्री पडला, ते धोरण विसरलं गेलं की चित्राला तळटीप लागते. फडणीसांनी तळटीप लागेल असं काही काढलंच नाही. नवरा-बायको, सासुरवाडी, पाऊस, छत्री, कुत्रं, चोर, रांग, ऑफिस या गोष्टींवर त्यांचं भागलं. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ला त्यांची चित्रं लाभली, तिथेही लेखकाचा विनोद पुन्हा चितारण्याऐवजी त्याच्या शेजारी आपला एक वेगळा विनोद ठेवून ते मोकळे झाले.

त्यांच्या या जगाची एक मर्यादाही आहे. त्यातला माणूस बहुतेक वेळा शहरातला, पांढरपेशा, इस्त्रीच्या शर्टातला. उसाच्या फडात, कारखान्याच्या काट्यावर, बैलगाड्यांच्या लांबलचक रांगेत जो विनोद रोज घडतो, तो त्यांच्या चित्रांत फारसा शिरला नाही. मासिकांचा वाचक शहरी, संपादक शहरी. बसच्या रांगेला मुखपृष्ठ मिळालं, उसाच्या गाड्यांच्या रांगेला ते मिळायचं राहून गेलं. हा दोष एकट्या फडणीसांच्या माथी मारता येणार नाही, पण ऊसपट्ट्यातल्या वाचकाला तो जाणवतो.

१९६५ साली त्यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात हास्यचित्रांचं प्रदर्शन भरवलं, 'हसरी गॅलरी'. कलादालनात माणसं हळू बोलतात, दोन पावलं मागे सरकतात, मान तिरकी करतात. इथे लोक चक्क मोठ्याने हसत होते. पुढे ही गॅलरी गावोगाव फिरली आणि त्याच नावाचं पुस्तकही झालं. 'मिष्किल गॅलरी' हे आणखी एक. त्याशिवाय 'चित्रहास' नावाचा कार्यक्रम ते करत. रंगमंचावर पडद्यावर चित्रं दाखवायची आणि हास्यचित्र कसं सुचतं, कसं बांधलं जातं हे गप्पांच्या ओघात उलगडायचं. जादूगाराने आपलीच जादू फोडून दाखवावी तसा हा प्रकार, आणि तरी लोक पुढच्या चित्राला पुन्हा फसत. घरातही लेखणी होती. पत्नी शकुंतला फडणीस लेखिका. स्वतः फडणीसांनी आठवणी लिहिल्या त्या 'रेषाटन' या पुस्तकात, २०११मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या पुढे.

त्यांचं सगळ्यांत जास्त हातांत गेलेलं काम मात्र कुठल्याही गॅलरीत लागलेलं नाही. १९६७च्या जानेवारीत पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झालं. सत्तरच्या दशकात तिच्या प्राथमिक इयत्तांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रं काढली. तोवर गणिताचं पुस्तक म्हणजे उदाहरणांचे ढीग, आणि चित्र असलंच तर फुल्या नि गोळे. फडणीसांनी बेरीज-वजाबाकीत माणसं आणली, प्राणी आणले आणि त्यांच्यात काहीतरी गंमत चालू ठेवली. हे काम मुखपृष्ठापेक्षा अवघड. मुखपृष्ठावरचा विनोद कुणाला नाही कळला तर त्या वाचकाचं हसू तेवढं हुकतं. इथे गमतीत रमून पोरगं संख्याच चुकलं तर शिक्षकाने काय करायचं? म्हणून हसू संख्येच्या आड येता कामा नये, आणि संख्या मोजताना हसू निसटता कामा नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'कमी' आणि 'जास्त' बघता क्षणी कळावं, यासाठी लागणारी रेषा तीच होती, जिने साडीवर उंदीर काढले होते.

ती पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या वाडीवस्तीवरही गेली, जिथे 'मोहिनी' क्वचितच पोचली असेल. तिथे एका पुस्तकावर भावंडं एकामागून एक शिकत, आणि थोरल्याने चित्राला काढलेल्या मिशा धाकट्याच्या वाट्याला येत. त्या वर्गांतली मुलं आज पन्नाशीच्या पुढेमागे आहेत. कुणी डाळिंबाची बाग करतं, कुणी दूध संघात आहे, कुणी त्याच शाळेत शिकवून निवृत्तीला आलं आहे. त्यांना फडणीस हे नाव विचारलं तर बरेच जण मान हलवतील, कारण पाठ्यपुस्तकात चित्रकाराचं नाव आतल्या पानावर बारीक टाइपात असतं आणि ते पान परीक्षेला नसतं. चित्रं दाखवली की मात्र ओळखतील.