मिठाच्या एका कणात सहा परार्ध

ताटाच्या कडेला वाढलेल्या मिठातला एकच कण बोटाच्या टोकावर घ्या. जेमतेम 0.3 मिलिमीटरचा कण, वजनानं एका मिलिग्रॅमचा सतरावा भाग. त्यात सोडियमचे अणू किती असतील? सहावर सतरा शून्यं. एवढ्या मोठ्या आकड्याला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत अशी अंकस्थानांची नावं दिली आहेत. त्यातलं अठरावं आणि शेवटचं स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांची यादी ज्या परार्धावर संपते, तसे सहा परार्ध मिठाच्या या एका कणात मावतात.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला याच सोडियमनं सेमीकंडक्टर क्षेत्रातल्या इंजिनिअरांची झोप उडवली होती. मॉस ट्रान्झिस्टरची रचना सोपी: खाली सिलिकॉन, त्यावर ऑक्साईडचा काचेसारखा पातळ थर आणि वर गेट. गेटला व्होल्टेज दिलं की खालचा प्रवाह सुरू किंवा बंद होतो. पण तयार झालेले ट्रान्झिस्टर एकसारखे वागेनात. थोडी उष्णता आणि व्होल्टेज लागलं, की ते कोणत्या व्होल्टेजला सुरू होतील याचा भरवसा राहत नसे. कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमध्ये एड स्नो, ब्रूस डील, सी. टी. सा आणि 1963 साली बर्कलेहून पीएचडी संपवून थेट तिथं रुजू झालेला अँडी ग्रोव्ह यांनी याचा छडा लावला. ऑक्साईडमध्ये शिरलेले सोडियमचे आयन उष्णतेत इकडून तिकडे सरकत होते. आणि सोडियम काय, माणसाच्या घामातही असतो.

किती सोडियम पुरे? त्या काळी गेटखालचा ऑक्साईड साधारण 100 नॅनोमीटर जाड असे, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे सातशेवा भाग. एका चौरस सेंटिमीटरमागे एक निखर्व, म्हणजे एकावर अकरा शून्यं इतके आयन त्यात शिरले, तर ट्रान्झिस्टर सुरू होण्याचं व्होल्टेज जवळजवळ अर्ध्या व्होल्टनं ढळतं. निखर्व ऐकायला प्रचंड वाटतो. पण तेवढ्याच जागेत सिलिकॉनच्या पृष्ठभागावर जवळपास सात जलधी अणू असतात. जलधी म्हणजे एकावर चौदा शून्यं. सात हजार अणूंमागे एक आगंतुक, एवढंच हे प्रमाण. या हिशेबानं मिठाचा आपला तो कण 600 चौरस मीटर ऑक्साईड बिघडवू शकतो. दोन इंची वेफरच्या, म्हणजे चिपा घडवायच्या सिलिकॉनच्या गोल चकत्यांच्या, भाषेत सांगायचं, तर तीन लाख वेफर!

गंमत अशी, की परके अणू या धंद्यात हवेही असतात. फक्त ते आपण बोलावलेले असावे लागतात. शुद्ध सिलिकॉनमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यात पाच कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, की रोध सुमारे पन्नास हजार पटींनी उतरतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. एवढ्या माणसांत बाहेरून दोन पाहुणे यावेत आणि साऱ्या राज्याची वागणूक बदलावी, तसा हा प्रकार. प्रोसेस इंजिनिअरचं काम म्हणजे या पाहुण्यांची मोजदाद: कोण यावा, किती यावेत, कुठवर आत शिरावेत.

फेअरचाइल्डमध्येच फेब्रुवारी 1968 मध्ये इटलीहून एक तरुण आला. फेदेरिको फाजिन, वय 26, पाडुआ विद्यापीठाचा भौतिकशास्त्राचा पदवीधर. तेव्हा गेट ॲल्युमिनिअमचं असे. ॲल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं आणि परके अणू आत मुरवणारी भट्टी हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते. म्हणून गेट सगळ्यांत शेवटी बसवावं लागे आणि ते नेमकं जागेवर बसत नसे. गेट सिलिकॉनचंच करण्याची कल्पना इतर प्रयोगशाळांतही होती. फाजिननं त्यातून अख्खी चिप बनवता येईल अशी प्रक्रिया उभी केली. सिलिकॉन 1,414 अंशांपर्यंत टिकतं. त्यामुळे गेट आधी बसतं आणि बाकीचे भाग त्याच्या कडेनं आपोआप जुळतात. शिवाय गेट बसल्यावर फॉस्फरसच्या मदतीनं सोडियमसारखी घाण शोषून घेता येते. या पद्धतीची पहिली विकाऊ चिप, फेअरचाइल्ड 3708, त्याच वर्षाअखेर बाजारात आली. त्याच कामाच्या आधीच्या धातूच्या गेटवाल्या चिपपेक्षा ती पाचपट वेगवान होती आणि तिच्यातली विजेची गळती शंभरपट कमी.

एप्रिल 1970 मध्ये फाजिन इंटेलमध्ये गेला. काम मिळालं ते 4004 या मायक्रोप्रोसेसर चिपचं: 12 चौरस मिलिमीटरवर सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर. वर्ष सरताना पहिले वेफर हातात आले. एकही चिप चालेना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वेफरवर नक्षी उमटवणाऱ्या मास्कची एक पायरीच कारखान्यात राहून गेली होती. तीन आठवड्यांनी, जानेवारी 1971 मध्ये, नवे वेफर आले. रात्री प्रयोगशाळेत एकटा बसून त्यानं पहाटेपर्यंत तपासणी केली आणि चिप चालली. नोव्हेंबरमध्ये ती जगासमोर आली. तिच्या कडेला ‘एफ. एफ.’ ही त्याच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

ते 2,300 ट्रान्झिस्टर सेकंदाला एक असे मोजले, तर 38 मिनिटांत संपतात. 2020 साली आलेल्या ॲपलच्या एम 1 चिपमध्ये सोळा अब्ज आहेत. ते रात्रंदिवस न थांबता मोजायला 507 वर्षं लागतील. मोजणी आज संपवायची असती, तर ती शिवजन्माच्या शंभर वर्षं आधीच सुरू करावी लागली असती.

पण या क्षेत्रात नव्यानं पाऊल टाकणाऱ्यानं मनावर कोरून ठेवावा असा आकडा मला वेगळाच वाटतो. आजची आघाडीची चिप सुमारे हजार पायऱ्यांतून जाते. प्रत्येक पायरी 99 टक्के बिनचूक झाली, तर शेवटी किती चिपा चांगल्या निघतील? 23,000 मध्ये एक. शाळेत 99 टक्के मिळाले की पेढे वाटतात. इथं तेवढ्यानं कारखाना बंद पडेल. 99.9 टक्के साधले, तर शंभरातल्या 37 चिपा. 99.99 टक्के, तर 90. इथं यशाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आणि गुणाकारात एक शून्य आलं की काय होतं, हे 1970 च्या त्या वेफरांनी दाखवलं: बाकीच्या सगळ्या पायऱ्या नीट झाल्या होत्या, तरी उत्तर शून्य.

गुजरातेत धोलेरा इथं महिन्याला 50,000 वेफर काढण्याच्या तयारीनं फॅब, म्हणजे चिपांचा कारखाना, उभारायला घेतली आहे. आपल्याकडची अनेक मुलंमुली या क्षेत्रात जातील. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या वाट्याला अख्खी चिप येणार नाही. हजारांतली एखादीच पायरी येईल. एक भट्टी, एक थर, एक आलेख. मित्र विचारतील, नक्की करतोस काय? त्यांनी न संकोचता सांगावं, की दशांश चिन्हानंतरच्या नवांमध्ये आणखी एक नऊ जोडतोय. 37 आणि 90 मध्ये तेवढंच अंतर आहे.