दिसतंय ना, मग डोळे कशाला दाखवायचे?

“सुईत दोरा ओवते मी अजून, माह्या डोळ्याले काय धाड भरली?” मधुमेह असलेल्या माणसाला डोळे तपासून घ्या म्हटलं, की यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदकडे असंच काहीसं उत्तर मिळतं. त्यात खोटं काही नसतं. दोरा खरंच ओवला जातो, कापूस वेचला जातो, मोबाईलवरचा नंबर वाचता येतो. पण मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर चालवलेली नासधूस नजरेला बराच काळ कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. म्हणूनच ‘दिसतंय म्हणजे डोळा चांगला’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो.

आत काय घडतं ते पाहू. मागच्या पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, ठिकठिकाणी फुगे येतात आणि ते पाझरू लागतात. पाझरातली चरबी साचून पिवळे ठिपके पडतात. जिथे वाहिनीच बंद होते, तिथे फिकट पांढरे, विस्कटलेल्या कडांचे डाग दिसतात. डॉक्टर त्यांना ‘कॉटन वूल स्पॉट’ म्हणतात. कापसाच्या मुलखात हे नाव समजावून सांगावं लागू नये. फुटलेल्या बोंडातून कापूस लोंबावा तसे ते दिसतात. इतकं होऊनही माणूस पेपर वाचत असतो. पुढे रक्ताला आसुसलेला पडदा नव्या वाहिन्या उगवतो. त्या इतक्या नाजूक असतात, की एखाद्या सकाळी आपोआप फुटतात आणि डोळ्यासमोर काळं जाळं पसरतं. दवाखान्याची वाट बहुतेकदा तेव्हा धरली जाते.

भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीने 2023 मध्ये सांगितलं. त्याआधी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात, चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर बिघाड सापडला, आणि शंभरातल्या चौघांचा बिघाड नजर जाण्याच्या टप्प्यावर होता.

“पण माझी शुगर तर आत्ताच निघाली.” निघाली आत्ता, ती कधीपासून होती हे कुणाला ठाऊक? टाइप 2 मधुमेह कित्येक वर्षं गुपचूप असतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात, निदान झालं त्याच वेळी सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या पडद्यावर खुणा होत्या. म्हणून टाइप 2 मध्ये पहिली डोळेतपासणी निदानाबरोबरच करायची आणि पुढे दरवर्षी. टाइप 1 असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात हा बिघाड झपाट्याने वाढू शकतो.

धूसर दिसू लागलं तरी पाय आधी चष्म्याच्या दुकानाकडे वळतात. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर बदलतो आणि साखर आटोक्यात आली की पुन्हा जागेवर येतो. त्या काळात केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी होतो. दुसरी समजूत मोतीबिंदूची. शिबिरांमुळे मोतीबिंदूची माहिती महाराष्ट्रात घरोघर पोचली, हे मोठंच काम झालं. पण त्यामुळे म्हातारपणीचं प्रत्येक धूसर दिसणं लोकांना मोतीबिंदूच वाटतं. शस्त्रक्रियेत भिंग बदलतात, पडदा नाही. मागे पडदा खराब असेल तर भिंग कितीही स्वच्छ बसवलं, तरी नजर अपुरीच राहते.

‘राबणाऱ्याला, अंगाने बारीक माणसाला शुगर होत नाही’ ही समजूत तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीराच्या दाखल्याने मोडीत काढली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाटा ज्याला बारीक म्हणतो, त्याच्या आत चरबी दडलेली असू शकते. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात, वजनाने कमी जन्मलेल्या बाळांतही असाच कल दिसला. तेव्हा शेतात घाम गाळणाऱ्यानेही तिशीनंतर साखर तपासावी. ही तपासणी सरकारी उपकेंद्रात होते, गावातली आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरते.

खाण्याबाबतही समजुती आहेत. गुळाचा चहा चालतो, ही समजूत चुकीची, गूळही साखरच. ज्वारीची भाकर भातापेक्षा बरी खरी, पण तीन भाकरींतलं पिष्ट शेवटी साखरच होतं. एक भाकर कमी करून तुरीचं वरण आणि भाजी वाढवली तर फरक पडतो. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बिया औषधाची जागा घेत नाहीत.

सगळ्यांत घातक समजूत इन्सुलिनची: “ते घेतलं अन् डोळे गेले.” असं झालेली माणसं ओळखीत असतात, म्हणून ती समजूत हटत नाही. पण बहुतेकांचं इन्सुलिन सुरू होतं तेव्हा दहा-पंधरा वर्षं साखर बेलगाम गेलेली असते आणि पडद्याचं नुकसान आधीच झालेलं असतं. नाव मात्र इन्सुलिनचं होतं. यात एक गोष्ट खरी आहे, ती लपवू नये: फार वाढलेली साखर एकदम खाली आणली तर आधीपासूनचा बिघाड काही काळ वाढू शकतो. म्हणून अशा वेळी डोळे आधी दाखवायचे; इन्सुलिन टाळायचं नाही. टाइप 1 च्या रुग्णांवर झालेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात, साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत पडद्याचा बिघाड सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. इन्सुलिन उन्हापासून जपावंही लागतं. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली कोरड्या पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवतात. टीव्हीवर किंवा खिडकीत ठेवलेलं इन्सुलिन निकामी होतं.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी चांगली, पण विदर्भात एक मेख आहे. इथे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. रक्ताच्या या आजारामुळे रक्तपेशी लवकर मोडत असतील तर हा आकडा खोटाच कमी येतो. घरात सिकलसेल असेल किंवा ॲनिमिया जास्त असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावं.

आणि साखर एकटी दोषी नाही. यूकेपीडीएसच्या 1998 च्या निष्कर्षांनुसार, रक्तदाब साधारण 10 अंकांनी खाली राखलेल्या रुग्णांत पडद्याचा बिघाड वाढण्याचा धोका 34 टक्क्यांनी कमी झाला. बीपीची गोळी डोळ्यांसाठीही आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पडद्याच्या बिघाडावर लेझरचे उपचार करतात. त्यांनी गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वाचते. हे आधी सांगितलं नाही की रुग्णाला फसवल्यासारखं वाटतं आणि तो दुसऱ्या वेळेला येत नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण बधिर करणारे थेंब घालूनच ते देतात आणि त्याने कित्येकांची नजर सुधारतेही. एका इंजेक्शनने मात्र काम होत नाही, सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं. पुसदहून यवतमाळला, नांदेडला किंवा नागपूरला जायचं म्हणजे मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. फेऱ्या चुकण्यामागे आळस नसतो, हे असतं.  यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात पडदा तपासायला निघालेल्या माणसाने साखरेचे जुने कागद आणि चालू गोळ्या पिशवीत टाकाव्यात.

तपासणीत डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. थोडं चुरचुरतं, अर्ध्या तासाने डॉक्टर उजेड टाकून आत पाहतात, दुखत काही नाही. त्यानंतर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन डोळ्यात घुसतं. म्हणून त्या दिवशी दुचाकी घरी ठेवायची, रुमाल किंवा गॉगल जवळ ठेवायचा आणि सोबत कुणाला तरी घेऊन जायचं.