पीएसपीवरील होमब्रू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजेच पीएसपी, हा सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. तो १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. हौशी प्रोग्रामर कंपनीच्या परवान्याविना एखाद्या कन्सोलसाठी स्वतः जे सॉफ्टवेअर लिहितात, त्याला 'होमब्रू' म्हणतात. असे सॉफ्टवेअर बहुधा मोफत वाटले जाते. पीएसपीवर ते विपुल प्रमाणात तयार झाले आणि आजही होत आहे.

होमब्रूविषयीचे बहुतेक गैरसमज तीन वेगळ्या गोष्टी एकच मानल्यामुळे निर्माण होतात. पहिली गोष्ट म्हणजे स्वतः होमब्रू प्रोग्राम. दुसरी, तो चालावा म्हणून वापरलेली सुरक्षेतील पळवाट किंवा बदललेले फर्मवेअर (फर्मवेअर म्हणजे यंत्र चालवणारी अंतर्गत प्रणाली). तिसरी, विकाऊ गेमच्या बेकायदा प्रती. या तिन्ही वेगळ्या ठेवल्या की पुढचा प्रत्येक मुद्दा सहज उलगडतो.

गैरसमज : होमब्रू म्हणजे चोरीचे गेम.

वस्तुस्थिती : होमब्रू प्रोग्राम त्याच्या लेखकाच्या मालकीचा असतो आणि लेखकच तो वाटतो. 'बुकर' या प्रोग्रामने पीएसपीवर पीडीएफ पुस्तके वाचता येऊ लागली. 'लुआ प्लेअर'मुळे लुआसारख्या सोप्या भाषेत नवशिक्यांनाही छोटे गेम लिहिता आले. 'डूम' आणि 'क्वेक' यांचा मूळ प्रोग्राम त्यांच्या निर्मात्यांनीच खुला केला होता, त्यामुळे हौशी मंडळींनी ते पीएसपीवर आणले. हे सारे 'पीएसपीएसडीके' या खुल्या साधनसंचाच्या आधारे, सी आणि सी++ भाषांत घडले. सोनीची अधिकृत विकास-साधने त्यासाठी लागली नाहीत.

विकाऊ गेमची डिस्क कॉपी करून ती इंटरनेटवरून वाटणे ही पायरसी. काही बदललेली फर्मवेअर अशा प्रतीही चालवू शकतात, हे खरे. पण एकाच यंत्रावर दोन्ही चालतात म्हणून दोन्ही एक ठरत नाहीत.

गैरसमज : कन्सोलमध्ये असा बदल करणे सर्वत्र बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : कायदा देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने संरक्षक कुलूप तोडण्यावर बंदी घातली. त्यातून स्मार्टफोनला २०१० मध्ये सवलत मिळाली. गेम कन्सोलसाठीची तशीच मागणी २०१२ मध्ये मात्र फेटाळली गेली.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे या कलमात हेतूला महत्त्व आहे. शिवाय कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक प्रोग्रामची वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी प्रत करण्यास आणि स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम इतर प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढण्यास काही अटींवर मुभा आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर चालवणे आणि दुसऱ्याचा गेम फुकट उतरवून घेणे यांत कायद्याच्या दृष्टीनेही मोठे अंतर आहे.

गैरसमज : फाइल मेमरी कार्डवर टाकली की होमब्रू चालते.

वस्तुस्थिती : फाइल योग्य जागी ठेवणे हा कामाचा सोपा भाग आहे. प्रोग्राम सुरू करण्याआधी पीएसपी त्याची तपासणी करते. सोनीच्या किल्ल्यांनी कूटबद्ध आणि स्वाक्षरित केलेला प्रोग्रामच पुढे जातो. विनास्वाक्षरी प्रोग्राम असेल, तर यंत्र एकतर माहिती खराब झाल्याचे दाखवते किंवा ८००२०१४८ हा त्रुटी-क्रमांक देऊन थांबते. फाइल बिघडलेली नसतानाही हा संदेश येतो, म्हणून अनेक जण तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

जपानमधील पहिल्या यंत्रांवरच्या फर्मवेअरच्या १.०० आवृत्तीत ही तपासणी नव्हती. १.५० मध्ये ती आली, पण २००५ च्या जूनमध्ये तिलाही बगल मिळाली. आधी दोन मेमरी कार्डांची अदलाबदल करून आणि मग फोल्डरांच्या नावांची युक्ती योजून प्रोग्राम चालवले गेले. त्यानंतर २.०० आवृत्तीत टिफ चित्रे उघडणाऱ्या भागातली चूक सापडली. पुढे 'ग्रँड थेफ्ट ऑटो : लिबर्टी सिटी स्टोरीज' या गेमच्या साठवलेल्या खेळातून आणि २००७ मध्ये 'लुमिनेस' या गेममधून वाट निघाली. प्रत्येक पळवाट पुढच्या अद्ययावत आवृत्तीत बुजवली गेली.

२०११ च्या सुरुवातीला चित्र पालटले. प्लेस्टेशन ३ ची सुरक्षा भेदली गेल्यावर त्या यंत्रातून पीएसपीचे प्रोग्राम स्वाक्षरित करण्याच्या किल्ल्याही मिळाल्या. त्यामुळे हौशी प्रोग्रामरांनी स्वाक्षरित केलेले प्रोग्राम अधिकृत फर्मवेअरवरही चालू लागले.

गैरसमज : इंटरनेटवरची कोणतीही कृती कोणत्याही पीएसपीला लागू पडते.

वस्तुस्थिती : कृती दोन गोष्टींवर ठरते: यंत्राचे मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती. मॉडेलचा क्रमांक यंत्राच्या मागे असतो: १०००, २०००, ३०००, गो किंवा ई१०००. आवृत्ती सेटिंग्जमधील सिस्टीम माहितीत दिसते. २००६ सालची कृती १.५० किंवा २.०० साठी लिहिलेली असेल, तर ती ६.६१ वर निरुपयोगी ठरते.

६.६१ ही पीएसपीची शेवटची अधिकृत आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये आली. आज बहुतेक मार्गदर्शिका ६.६० किंवा ६.६१ गृहीत धरतात, कारण स्वाक्षरित प्रोग्रामची वाट पाचही मॉडेलांना खुली आहे. म्हणून यंत्रावर एखादी मधलीच आवृत्ती असेल, तर आधी ६.६१ वर जाणे हाच सहसा सरळ मार्ग असतो. आवृत्ती वाढवू नये हा जुना सल्ला त्या काळी योग्य होता, आता तो लागू नाही.

गैरसमज : फाइल कुठेही ठेवली तरी यंत्र ती शोधून काढते.

वस्तुस्थिती : पीएसपी ठरावीक जागीच पाहते. मेमरी कार्डावर 'पीएसपी' नावाचा फोल्डर, त्यात 'गेम', त्यात प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर आणि त्यात 'ईबूट.पीबीपी' ही फाइल, अशी मांडणी लागते. झिप फाइल उलगडताना पुष्कळदा एकाच नावाचे दोन फोल्डर एकात एक बसतात. मग मुख्य फाइल एक पायरी खोल जाते आणि प्रोग्राम यादीत दिसत नाही.

कार्ड पीएसपीमध्येच फॉरमॅट करावे. यंत्राला फॅट पद्धतीची मांडणी समजते, एक्सफॅट समजत नाही. मोठी मायक्रोएसडी कार्डे संगणकावर अनेकदा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होतात. तसे कार्ड अडॅप्टरमध्ये घालून लावले तर यंत्र ते ओळखत नाही आणि दोष अडॅप्टरला दिला जातो.

गैरसमज : होमब्रू चालवले की कन्सोल कधी ना कधी कायमचा बंद पडतो.

वस्तुस्थिती : धोका खरा आहे, पण तो नेमका कोठे आहे हे समजून घ्यायला हवे. फर्मवेअर यंत्राच्या आतल्या फ्लॅश मेमरीत असते. मेमरी कार्डावरून चालणारा साधा गेम किंवा वाचक-प्रोग्राम तिथे काही लिहीत नाही. तो अडकला तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे पुरते. फर्मवेअर बदलताना मात्र फ्लॅशवर लेखन होते. ते अर्ध्यावर तुटले की यंत्र सुरूच होत नाही. यालाच 'ब्रिक' होणे म्हणतात. म्हणून त्या वेळी बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा लागतो. जुन्या पीएसपीच्या बॅटऱ्या फुगतात. फुगलेली बॅटरी आधी काढून बदलणे सुरक्षेसाठीच आवश्यक आहे.

दुसरा धोका फसव्या फाइलींचा आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या आवृत्तीवर परत नेण्याचे आमिष दाखवणारा एक प्रोग्राम पसरला होता. तो प्रत्यक्षात फर्मवेअरच्या आवश्यक फाइली पुसत असे. म्हणून फाइल नेहमी तिच्या मूळ लेखकाच्या जागेवरूनच घ्यावी.

ब्रिक झालेले प्रत्येक यंत्र कायमचे गेले असेही नाही. २००७ मध्ये 'पँडोरा बॅटरी'ची युक्ती पुढे आली. बॅटरीतील अनुक्रमांक बदलला की पीएसपी दुरुस्ती केंद्रासाठी राखलेल्या सर्व्हिस मोडमध्ये सुरू होते आणि खास तयार केलेल्या मेमरी कार्डावरून फर्मवेअर पुन्हा भरता येते. ही युक्ती १००० आणि बहुतेक २००० मॉडेलांवर चालते. ३००० साठी सोनीने सुरुवातीची प्रक्रियाच बदलली, त्यामुळे ती बॅटरी तिथे उपयोगी पडत नाही.

गैरसमज : प्रोसेसरचा वेग ३३३ मेगाहर्ट्झवर नेल्यास यंत्र जळते.

वस्तुस्थिती : ३३३ मेगाहर्ट्झ हा या प्रोसेसरचा मूळ आराखड्यातलाच वेग आहे. बॅटरी अधिक टिकावी म्हणून सोनीने सुरुवातीला गेमना २२२ मेगाहर्ट्झची मर्यादा घातली आणि २००७ मधील ३.५० आवृत्तीने ती स्वतःच उठवली. २००८ चा 'गॉड ऑफ वॉर : चेन्स ऑफ ऑलिंपस' हा अधिकृत गेम याच वाढीव वेगाचा लाभ घेतो. होमब्रूच्या मेनूतून हा वेग निवडल्यास बॅटरी लवकर संपते, इतकाच परिणाम होतो.

गैरसमज : बदललेले फर्मवेअर कायमचे असते, किंवा, कार्ड पुसले की ते जाते.

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. बदललेले फर्मवेअर दोन तऱ्हांचे असते. 'एम३३'सारखे फर्मवेअर फ्लॅशमध्ये बसते आणि यंत्र सुरू होतानाच कार्यरत होते. 'प्रो'सारखे फर्मवेअर यंत्र चालू असताना अधिकृत फर्मवेअरला स्मृतीतच बदलते. यंत्र पूर्ण बंद केले की तो बदल जातो आणि मेनूतील एक छोटा प्रोग्राम चालवून तो परत आणावा लागतो. यंत्र नुसते स्लीप मोडमध्ये गेले तर बदल टिकतो. 'इन्फिनिटी' या साधनाने ६.६१ वरही हा बदल कायम करता येतो.

मेमरी कार्ड फॉरमॅट केल्याने फक्त कार्डावरचे प्रोग्राम आणि साठवलेले खेळ जातात, फ्लॅशमधले फर्मवेअर तसेच राहते. ते हटवायचे असेल तर अधिकृत आवृत्ती पुन्हा बसवावी लागते. याउलट, अशी अधिकृत आवृत्ती बसवल्याने कार्डावरच्या फाइली जात नाहीत. तरीही कोणत्याही बदलाआधी साठवलेल्या खेळांची प्रत संगणकावर ठेवणे शहाणपणाचे आहे.

गैरसमज : पीएसपी बंद झाला, तेव्हा होमब्रूचेही कारण संपले.

वस्तुस्थिती : जुलै २०२१ मध्ये पीएसपीवरून डिजिटल खरेदी करण्याची सोय सोनीने बंद केली. उत्पादन, दुरुस्ती आणि विक्री या तिन्ही बाजूंनी यंत्राला कंपनीचा आधार उरलेला नाही. अशा वेळी होमब्रूची गरज उलट वाढते. विकास-साधनांची देखभाल स्वयंसेवक आजही करत आहेत, 'आर्क-४' हे नव्या दमाचे फर्मवेअर तयार झाले आहे आणि जुन्या यंत्रांसाठी नवे प्रोग्राम लिहिले जात आहेत. सी भाषा, मर्यादित स्मृती आणि प्रत्यक्ष यंत्र यांचा मेळ कसा घालायचा हे शिकण्यासाठी, पहिल्या मॉडेलात अवघी ३२ मेगाबाइट स्मृती असलेला हा कन्सोल विद्यार्थ्यांना आजही उत्तम साधन आहे.